बॉयलर पेटण्याआधीचा आलेख

“तीस वर्षं मिलवर काढली. कानाची तपासणी व्हायची, कागदावर ‘नॉर्मल’ असंच यायचं. मग आता घरातल्यांचं बोलणं का कळत नाही?”

साखर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं हा प्रश्न विचारतात. अहिल्यानगर जिल्ह्यात तो घरोघरी लागू पडतो. महाराष्ट्रातला सहकारी तत्त्वावरचा पहिला साखर कारखाना 1950 साली प्रवरानगरला उभा राहिला. त्यानंतर कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, सोनई, भेंडे, श्रीगोंदा इथेही कारखाने झाले, आणि आज काही घरांतली तिसरी पिढी मिलवर किंवा टर्बाइनवर उभी आहे. शिवाय नागापूर आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतींतले प्रेस, ग्राइंडर, कॉम्प्रेसर आहेतच.

वरच्या प्रश्नातली तपासणी खोटी असेलच असं नाही. बहुतेकदा ती खरीच असते, पण तिच्यातून भलताच प्रश्न विचारलेला असतो. म्हणून कारखान्यासाठी श्रवणचाचणीचं यंत्र आणि सॉफ्टवेअर निवडायला बसण्याआधी, आपल्याला नेमकं काय पकडायचं आहे ते समजून घेऊ.

1. ऐकू येतं, पण कळत नाही

आवाजामुळे येणारं बहिरेपण सगळा आवाज बारीक करत नाही, चाळणीसारखं काही आवाज तेवढे गाळून टाकतं. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे जाड आणि दमदार असतात. स, श, फ, ख, ठ ही व्यंजनं पातळ आणि उंच पट्टीची. कारखान्यातला आवाज आधी या पातळ आवाजांवर घाला घालतो. फोनवर कुणी “साठव” म्हणालं की “पाठव” हे मग कळत नाही. समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, शब्द मात्र सुटतात. माणूस म्हणतो, “पुटपुटू नका, नीट बोला.” बायको म्हणते, “अहो, मी नीटच बोलतेय.” दोघंही खरं सांगत असतात.

आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. या बहिरेपणाची पहिली खूण 3000 ते 6000 हर्ट्झच्या दरम्यान, बहुधा 4000 च्या आसपास दिसते. पेटीच्या उजव्या टोकाच्या सुरापेक्षाही हा आवाज कितीतरी उंच असतो. खूण तिथेच का उमटते? आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक शीळ घुमते, तशी ही नळी 3000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज वाढवून आत पाठवते, आणि इजा त्याच्या जरा वरच्या पट्टीत होते.

2. गवतातली पायवाट

कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे. तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा असतात, एका कानात सुमारे 15,000. त्यांना शेतातलं गवत समजा. एकदा कुणी तुडवून गेलं तर गवत वाकतं आणि सकाळपर्यंत पुन्हा उभं राहतं. पाळी संपवून बाहेर आल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात, कानात सूं आवाज येतो आणि झोपून उठल्यावर बरं वाटतं, ते हेच. पण त्याच जागेवरून रोज चाललं की पायवाट पडते, आणि तिथे पुन्हा गवत येत नाही. माणसात या पेशी एकदा मेल्या की नव्या उगवत नाहीत. कुठल्याही औषधाने त्या परत येत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करून देतं, गेलेल्या पेशी नाही.

सगळी धडपड म्हणूनच पायवाट पडण्याआधी, गवत नुसतं वाकलंय तेव्हाच ओळखण्यासाठी आहे.

3. डेसिबल दोन, नाव एक

डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. रसवंतीवरचं एक इंजिन 80 डेसिबल आवाज करत असेल आणि शेजारी तसंच दुसरं सुरू झालं, तर एकूण आवाज 160 नाही, 83 होतो. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. भारतातल्या कारखान्यांसाठी रूढ तक्ता असा आहे: 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4 तास, 100 ला 2 तास. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेची 1998 ची शिफारस याहून बरीच कडक आहे. 85 ला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं मिळतात. कुठे 2 तास आणि कुठे 15 मिनिटं! माझं मत विचाराल तर कायद्याला पहिला तक्ता दाखवा, पण कुणाचे कान तपासायचे याची यादी 85 पासून करा.

आता घोटाळ्याची जागा. श्रवणचाचणीच्या कागदावरचे डेसिबल हे आवाजमापकावरचे डेसिबल नव्हेत. इथे शून्य म्हणजे निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा सरासरी आवाज. आकडा वाढला की कान तितका मंद. आलेखही वरून खाली उतरतो: उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी.

4. एका कानाचा हिशेब

एका काल्पनिक कामगाराचा डावा कान घेऊ. नोकरीला लागताना 2000 हर्ट्झला 10, 3000 ला 15, 4000 ला 20. तिन्हींची सरासरी 15. तीन वर्षांनी तेच आकडे 15, 25 आणि 40 झाले. बेरीज 80, सरासरी सुमारे 26.7. म्हणजे घसरण 11.7 डेसिबल. अमेरिकेच्या नियमात या तीन पट्ट्यांची सरासरी कुठल्याही एका कानात 10 किंवा जास्तने घसरली की धोक्याची घंटा मानतात. घंटा वाजली.

आता याच कानाकडे दवाखान्याच्या नजरेने पाहू. तिथे 500, 1000, 2000 आणि 4000 या चार पट्ट्यांची सरासरी काढतात. 500 आणि 1000 ला 10-10 धरले तर 10, 10, 15 आणि 40 मिळून 75, सरासरी 18.75. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गवारीत 20 च्या आत म्हणजे सामान्य. कागदावर शिक्का: ‘नॉर्मल’.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन परिच्छेदांत आहे. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. दवाखाना विचारतो, या माणसाला आज उपचाराची गरज आहे का? कारखान्याने विचारायला हवं, हा कान कालच्यापेक्षा खाली उतरला का? त्यासाठी कालचा आलेख हातात लागतो. यंत्र, खोली, सॉफ्टवेअर, वेळापत्रक, या सगळ्यांकडे मी एकाच कसोटीने पाहतो: आजचा आलेख वीस वर्षांनंतरच्या आलेखाशेजारी ठेवता येईल का?

5. यंत्र: काटा आणि त्याचं पारडं

या यंत्राला ऑडिओमीटर म्हणतात. हेडफोनमधून एकेका पट्टीचा शुद्ध सूर येतो आणि ऐकू आला की कामगार बटण दाबतो. सूर ऐकू आला तर 10 डेसिबलने खाली, नाही आला तर 5 ने वर, असं करत ऐकू येण्याची सीमा शोधतात.

पहिली अट पट्ट्यांची. 500, 1000, 2000, 3000, 4000, 6000 आणि 8000 या साती हव्यात. स्वस्त, नुसत्या चाळणी तपासणीच्या यंत्रांत 3000 आणि 6000 गाळलेले असू शकतात. म्हणजे नेमकी पायवाट पडते तिथेच खिडकी नाही. असं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. ‘20 डेसिबलला ऐकू आलं, पास’ एवढंच सांगणारं यंत्रही कामाचं नाही, कारण 0 वरून 20 वर घसरलेला कान तिथे पास होतो.

यंत्र हाताने चालवायचं की आपोआप चालणारं? आपोआप चाचणीची वाट ज्यांनी घालून दिली ते गेऑर्ग फॉन बेकेशी. कानाच्या शंखात आवाजाची लाट कशी धावते हे शोधल्याबद्दल त्यांना 1961 साली नोबेल मिळालं. त्यांच्या यंत्रात ऐकणाराच बटण दाबून स्वतःचा आलेख काढायचा. आजची संगणकाधारित यंत्रं ठरलेली पद्धत न दमता-कंटाळता पाळतात, सुरांमधलं अंतर मागेपुढे ठेवतात, त्यामुळे कामगाराला अंदाजाने बटण दाबता येत नाही. पाचशे माणसं तपासायची असतील तर असंच यंत्र घ्यावं. मात्र शेजारी प्रशिक्षित माणूस हवाच, आणि हाताने चालवायची सोयही त्यात हवी. एखादा मिलवाला रात्रपाळीने पेंगुळलेला असतो, एखाद्याला सूचनाच समजलेली नसते. हे यंत्राला दिसत नाही.

आता कॅलिब्रेशन. डेअरीवरच्या फॅटच्या मशीनवरून किती भांडणं होतात ते या जिल्ह्यात सांगायला नको. दूध तेच, पण मशीन पाव पॉइंट सरकलं की महिन्याचा हिशेब बदलतो. उसाच्या वजनकाट्याचंही तसंच. ऑडिओमीटरही काटाच आहे. वर्षातून एकदा तो कृत्रिम कानावर, म्हणजे मापक बसवलेल्या साच्यावर, तपासून घ्यावा लागतो. प्रमाणपत्र एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचं मागा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: कॅलिब्रेशन यंत्र आणि हेडफोन या जोडीचं असतं. एकाचा हेडफोन दुसऱ्याला लावला की दोन्ही प्रमाणपत्रं रद्दी. खरेदीआधी विचारा, “कॅलिब्रेशनला यंत्र किती दिवस जाईल, आणि तोवर दुसरं द्याल का?” ऐन तपासणीच्या आठवड्यात यंत्र पुण्या-मुंबईत अडकलेलं असणं म्हणजे वर्ष वाया.

रोजची तपासणी याहून सोपी. ज्याचे कान स्थिर आणि चांगले आहेत अशा एकाच माणसाने, समजा टाइम ऑफिसातल्या क्लार्कने, रोज सकाळी हेडफोन लावायचा. त्याच्या नेहमीच्या आकड्यांपासून कुठल्याही पट्टीत 10 डेसिबलचा फरक आला तर त्या दिवशी एकही कामगार तपासायचा नाही. हेडफोनची वायर जॅकपाशी जरा हलवून पाहायची. खरखर आली तर ती तिथेच तुटत आली आहे.

6. शांतता विकत घ्यावी लागते

यंत्रावर पैसे खर्चायचे आणि ते डिस्पेन्सरीच्या कोपऱ्यात टेबलावर ठेवायचं, ही सर्रास होणारी चूक. खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यांवर लावलेली गाणी, मागे जनरेटरची घरघर आणि मध्येच भोंगा.

ही घरघर 500 आणि 1000 हर्ट्झचे बारीक सूर झाकून टाकते. कामगाराला ते ऐकू येत नाहीत आणि आलेखावर त्याचा कान आहे त्याहून खराब दिसतो. वाटतं, बरंच झालं, सावधगिरी तर झाली! नाही. पहिला आलेख गोंगाटात काढला तर तो खोटाच खाली उतरलेला असतो. मग पुढे कान खरोखर बिघडला तरी तुलनेत घसरण दिसत नाही. पहिल्या दिवशीचा गोंगाट पुढच्या कित्येक वर्षांचं नुकसान झाकतो.

म्हणून ध्वनिरोधक बूथ हवा, आणि तो आवारात सर्वांत शांत जागी. तळमजल्यावर, मिलच्या धक्क्यांपासून लांब, पंखा-एसी बंद ठेवून. बूथ शक्य नसेल तर दोन मार्ग आहेत. बूथ बसवलेली फिरती गाडी बोलवावी. नाहीतर कान पूर्ण झाकणाऱ्या जाड कपांचा हेडफोन घ्यावा, ज्यात बाहेरचा आवाज चालू चाचणीतच मोजला जातो आणि तो वाढला की चाचणी थांबते. बाहेरच्या आवाजाची नोंद प्रत्येक आलेखासोबत साठवली जाते का, हे जरूर विचारा. नोंद नसेल तर पाच वर्षांनी तो आलेख खरा की गोंगाटाचा, कुणालाच सांगता येणार नाही.

बूथमधली पाच मिनिटं जवळून पाहण्यासारखी असतात. माणूस येतो तो गळ्यात उपरणं, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा घेऊन. चष्म्याची काडी हेडफोनची गादी उचलून धरते आणि फटीतून आवाज आत-बाहेर होतो. टोपी, चष्मा, कानातली बाळी, सगळं उतरवून घ्यावं लागतं. त्याआधी कानात बॅटरीने पाहायचं. मिलवरच्या माणसाच्या कानात मळ आणि बगॅसचा भुसा मिळून घट्ट बोळा झालेला असू शकतो. लाल कप उजव्या कानाला, निळा डाव्याला. मग त्याच्या भाषेत सांगायचं, “आवाज कितीही बारीक आला तरी दाबा, शंका आली तरी दाबा.” ही सूचना मराठीत आणि हिंदीत आवाजासह देणारं यंत्र मिळालं तर फारच छान.

7. सॉफ्टवेअर: माणूस तोच आहे, हे ओळखणारं

सॉफ्टवेअर दाखवायला आलेला माणूस रंगीत तक्ते दाखवतो. तुम्ही त्याला हंगामी कामगाराचं विचारा. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. पुढच्या हंगामात टोकन नंबर बदलतो. ठेकेदाराकडचा माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. नाव एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, तेही तीन प्रकारच्या स्पेलिंगने लिहिलं जातं. सॉफ्टवेअर त्याला दर वर्षी नवा माणूस समजलं तर दर वर्षी नवा ‘पहिला’ आलेख तयार होतो आणि तुलना कधीच होत नाही. म्हणून नोंद नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या क्रमांकावर हवी. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन त्यासाठी उत्तम.

बाकी मागण्या मी महत्त्वाच्या क्रमाने सांगतो. प्रत्येक कानाचा, प्रत्येक पट्टीचा मूळ आकडा साठवला पाहिजे, नुसता ‘नॉर्मल’ शेरा नाही. वर केला तो घसरणीचा हिशेब दोन्ही कानांसाठी आपोआप झाला पाहिजे. शिवाय एखाद्या एकाच पट्टीत 15 ची घसरण असेल तर तीही वेगळी दाखवली पाहिजे. कारण 2000 आणि 3000 जागेवर राहून फक्त 4000 ला 15 ने उतरला, तर तिन्हींची सरासरी केवळ 5 ने हलते आणि घंटा गप्प राहते. पायवाट तर तिथेच सुरू झालेली असते.

वयाप्रमाणे सूट देण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते. वय वाढलं की कान थोडे उतरतातच, म्हणून तेवढे डेसिबल वजा करायचे. मला हे पटत नाही. वजाबाकीनंतर धोक्याची घंटा वाजायची थांबते, कान उतरायचे थांबत नाहीत. सोय असली तर बंद करता येते ना, ते पाहा.

सगळी नोंद सीएसव्हीसारख्या कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या फायलीत बाहेर काढता आली पाहिजे. कामगार तीस वर्षं राहतो, सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तेवढी टिकेल याची हमी नाही. फिरत्या गाडीवाल्यांकडून तपासणी करून घेत असाल तर करारातच लिहा: मूळ आकडे कारखान्याला मिळतील. नुसते छापील कागद घेतलेत तर पुढच्या वर्षी दुसरी गाडी आली की तुलना संपली. सॉफ्टवेअर इंटरनेट नसतानाही चाललं पाहिजे. आणि ही माणसाच्या शरीराची माहिती आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं भान ठेवून ती कुणी पाहायची ते ठरवलेलं असावं. खुद्द कामगाराला मात्र त्याच्या आलेखाची प्रत मागितल्याशिवाय मिळाली पाहिजे.

ही प्रत म्हणजे उपकार नाही. आवाजामुळे येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाने कायद्यातल्या, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होतं. त्याच्या जागी आलेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहे. 1923 च्या भरपाई कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार धरलेला होता. पण भरपाई मागताना पहिला आलेख नसेल, तर कान कारखान्यात गेले हे म्हातारपणी सिद्ध कसं करायचं?

8. दसरा-दिवाळीचं गणित

पहिला आलेख विश्रांती घेतलेल्या कानांचा हवा. निदान 14 तास कानांवर मोठा आवाज नको. चालू हंगामात हे कठीण, कारण पाळी सुटून आलेल्याचं गवत अजून वाकलेलं असतं. पण साखर कारखान्याला निसर्गानेच एक सोय दिली आहे. हंगाम संपल्यापासून दसरा-दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंत महिने जातात. ओव्हरहॉलिंग करणाऱ्यांचे सोडले तर हंगामी कामगारांचे कान तोवर निवांत असतात. अग्निप्रदीपनाच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांचा आलेख काढावा. बॉयलर थंड, गव्हाण बंद, आवारात ट्रॅक्टर नाहीत. अशी शांतता बूथवाल्यालाही पैशाने आणता येत नाही.

दुसरी चाचणी मुद्दाम ऐन गाळपात, जानेवारीत, पाळी संपता संपता करावी. यात वाकलेलं गवत दिसतं. ज्याचा आलेख या चाचणीत खाली गेला, त्याचे आवाज अडवणारे कानातले बोळे बहुधा नीट बसत नाहीत किंवा तो ते वापरत नाही. त्याला त्याच दिवशी बोळा पिळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून, आत कसा सरकवायचा ते दाखवावं. विश्रांतीनंतर, 30 दिवसांच्या आत फेरचाचणी घ्यावी. तरीही घसरण राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, आणि सोबत त्याच्या जागेवरचा आवाज मोजायला माणूस.

9. सही करण्याआधी

विक्रेत्याला हॉटेलच्या हॉलमध्ये भेटू नका. यंत्र कारखान्यात आणायला सांगा, तुम्ही निवडलेल्या खोलीत लावायला सांगा आणि जनरेटर सुरू करा. टर्बाइनवरचा एक माणूस बसवा. त्याची चाचणी घ्या, हेडफोन काढा, त्याला चहा पाजा, अर्ध्या तासाने तोच हेडफोन पुन्हा लावून तीच चाचणी घ्या. दोन्ही वेळचे आकडे शेजारी लिहा. 5 डेसिबलचा फरक चालतो, माणसाचं लक्ष तेवढं इकडेतिकडे होतंच. 4000 हर्ट्झला 10 किंवा 15 चा फरक आला, तर दोष यंत्राचा आहे, खोलीचा आहे की चालवणाऱ्याचा, ते सापडेपर्यंत ऑर्डर देऊ नका. सापडलं की त्याच माणसाला पुन्हा बसवा.